अपडेट अर्ध्यावर तुटलं, लॅपटॉप काळा पडला: आता काय?

सोलापुरात वळीव येतो तो आधी धूळ घेऊन. पत्रे वाजायला लागतात, दारं आपटतात आणि लाइट जाते. त्याच वेळी लॅपटॉपच्या पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ ही ओळ असली, की पुढचा प्रकार ठरलेला: पडदा काळा, पंखा जोरात, आणि घरातलं कुणीतरी घाबरून पॉवरचं बटण दाबून धरतं. दुसऱ्या दिवशी दुकानात निदान मिळतं, ‘बायोस उडालाय, बोर्ड बदलावा लागेल.’

कधी ते खरं असतं. पण अपडेट तुटून बंद पडलेल्या लॅपटॉपचा बोर्ड सहसा शाबूत असतो. बिघडलेला असतो तो त्यावर लिहिलेला मजकूर, आणि कधीकधी तोही नाही. खरं नुकसान पुष्कळदा नंतरच्या घाईत होतं: कुणी विंडोज नव्याने टाकतं, कुणी भलत्याच मॉडेलची फाइल चिपवर चढवतं.

हा विषय सध्या घरोघरी पोचायला कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेकांनी जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ घेतलं. त्यातच ‘सिक्युअर बूट’ची भर. लॅपटॉप चालू होताना ओळखीची सही असलेलाच प्रोग्राम उठू देणारी ही राखण. तिची २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य व्हायला लागतात. नवी प्रमाणपत्रं नीट बसावीत म्हणून कंपन्या फर्मवेअरच्या नव्या आवृत्त्या पाठवतात, आणि त्या विंडोज अपडेटमधूनच, बाकीच्या रांगेत उभ्या राहून येतात. मुदत संपली म्हणून लॅपटॉप त्या दिवशी बंद पडत नाही. चालू होण्याच्या टप्प्याशी संबंधित पुढची सुरक्षा अपडेटं तेवढी त्याला मिळेनाशी होतात.

## फर्मवेअर म्हणजे काय? जेकार्डचे पत्ते आठवा

चादरीचा जेकार्ड माग ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चटकन कळेल. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असते. कुठं भोक आहे आणि कुठं नाही, त्यावरून ताण्याचा कुठला धागा उचलायचा ते ठरतं. माग लोखंडाचा, सूत वेगळं, आणि नक्षी त्या पत्त्यांत. (आता इलेक्ट्रॉनिक जेकार्डही आलेत, पण समजून घ्यायला पत्तेच बरे.)

लॅपटॉपचा मदरबोर्ड म्हणजे माग. विंडोज आणि तुमच्या फाइली म्हणजे सूत आणि कापड. फर्मवेअर म्हणजे पत्त्यांची माळ. ती बोर्डवरच्या आठ पायांच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये असते, हार्ड डिस्कपासून अगदी वेगळी. अलीकडच्या लॅपटॉपांत ही चिप साधारण १६ किंवा ३२ मेगाबाइटची. जुनं नाव बायोस, नव्या यंत्रांत यूईएफआय. इथं दोन्हीला फर्मवेअरच म्हणू. बटण दाबलं की पहिल्यांदा हाच मजकूर चालतो. तो रॅम जागी करतो, पडदा पेटवतो, डिस्क शोधतो आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो.

एक पत्ता फाटला म्हणून कुणी माग भंगारात घालत नाही. पत्ता नव्याने पंच करून माळेत ओवतात. फर्मवेअरचंही तसंच आहे, फक्त फाटलेला पत्ता नेमका कुठला ते आधी ओळखावं लागतं.

## पुसणं आणि लिहिणं यांच्या मधला क्षण

फ्लॅश चिपवर जुन्या अक्षरावर नवं अक्षर गिरवता येत नाही. शाळेच्या पाटीसारखं आधी पुसावं लागतं, आणि पुसताना एकेक अक्षर नव्हे, अख्खा तुकडा पुसला जातो. लहानात लहान तुकडा बहुधा ४ किलोबाइटचा. पुसून झालं आणि लिहायचं राहिलं, अशा अवस्थेत वीज तुटली तर त्या जागी जुनंही नसतं आणि नवंही नसतं. धोका एवढाच, पण तो खरा.

म्हणूनच बऱ्याच कंपन्यांनी सोय करून ठेवलेली असते. माळेचा पहिला भाग, म्हणजे यंत्राला जेमतेम जागं करणारा कोड, अपडेटमध्ये शक्यतो शेवटी बदलतात किंवा त्याची दुसरी प्रत ठेवतात. बाकी सगळं कोलमडलं तरी तेवढा भाग उठतो, यूएसबीवर किंवा डिस्कवर ठेवलेली फर्मवेअरची फाइल शोधतो आणि स्वतःला पुन्हा लिहून घेतो. ही सोय तुमच्या लॅपटॉपमध्ये असण्याची शक्यता चांगली आहे. ती कशी जागी करायची ते खाली येईलच.

## लाइट नेमकी कधी गेली?

निम्मं निदान या एका प्रश्नात आहे.

अपडेट उतरत असताना, म्हणजे टक्के मोजत डाउनलोड होत असताना, वीज किंवा नेट गेलं तर काही बिघडत नाही. अर्धवट फाइलची सही जुळत नाही आणि ती फाइल चिपपर्यंत पोचतच नाही.

विंडोज आपल्या फाइली बदलत असताना गेली, म्हणजे निळ्या किंवा काळ्या पडद्यावर गोल फिरणारे ठिपके आणि टक्केवारी होती, तर बिघाड झालाच तर तो विंडोजमध्ये असतो. चिपला स्पर्शही झालेला नसतो.

रिस्टार्ट झाल्यावर कंपनीच्या लोगोखाली एक पट्टी भरत होती आणि ‘फर्मवेअर’ किंवा ‘बायोस’ असा शब्द दिसत होता, तेव्हा गेली असेल तर मात्र पाटी पुसलेली असू शकते.

एक चौथा प्रकारही आहे आणि तो निरुपद्रवी आहे. लॅपटॉप नीट चालतो, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘फर्मवेअर’ या मथळ्याखाली पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ दिसतो. याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की नवं फर्मवेअर बसवायचा प्रयत्न फसला आणि जुनं जागच्या जागी आहे. चार्जर लावून कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचं अपडेट पुन्हा चालवा. दुकानात जायची गरज नाही.

## बटण दाबण्याआधी घड्याळ बघा

फर्मवेअर लिहिताना पडदा मिनिट-मिनिट काळा राहतो, पंखा पूर्ण वेगाने फिरतो, यंत्र आपोआप दोन-तीनदा बंद-चालू होतं. हे सगळं नेहमीचं आहे. लिहून झाल्यावरही पहिल्या वेळी रॅमची नव्याने जुळवणी होते; डीडीआर५ रॅमच्या लॅपटॉपांत ती काही मिनिटं चालते, आणि तोवर पडद्यावर काहीच नसतं. लोक नेमके इथंच चुकतात. वीज गेलेली नसतानाही, ‘अडकलंय’ म्हणून बटण दाबून अपडेट स्वतःच तोडतात.

चार्जर लावलेला असू द्या आणि किमान अर्धा तास थांबा. त्यानंतरही काही हललं नाही तरच पुढचं. बटण दाबून बंद करा, चार्जर काढा, यूएसबीला जोडलेलं सगळं काढा, आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून चालू करा. कीबोर्ड, पंखा आणि चार्जिंग सांभाळणारा एक छोटा कंट्रोलर बोर्डवर असतो. तो गोंधळलेला असला तर उरलीसुरली वीज उतरल्यावर ताळ्यावर येतो. ‘मेलेले’ काही लॅपटॉप एवढ्यावरच उठतात.

## लोगो दिसतो, पुढे जात नाही

लोगो दिसला म्हणजे रॅम जागी झाली, पडदा पेटला, फर्मवेअर चालतंय. आता सेटिंगचा निळा-काळा पडदा उघडतो का ते पाहा: चालू करताच डेल, एसर, आसुसमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, लेनोव्होमध्ये एफ१ किंवा एफ२ पुन्हा पुन्हा दाबा. तिथं डिस्कचं नाव दिसत असेल तर तीन गोष्टी तपासण्यासारख्या आहेत.

पहिली, डिस्कची पद्धत. अपडेटनं किंवा कुणी ‘लोड डिफॉल्ट्स’ दाबल्यानं सेटिंग मूळ स्थितीत गेली असेल, तर डिस्क हाताळायची पद्धत ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’वरून ‘एएचसीआय’ झालेली असू शकते, किंवा उलटं. मग विंडोज उठताना निळा पडदा येतो आणि त्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहिलेलं असतं. डिस्क खराब झालेली नसते, विंडोजही बिघडलेलं नसतं. पद्धत पूर्वीची करा, संपलं. या एका सेटिंगपायी किती चांगल्या डिस्का फॉरमॅट होत असतील याची कल्पना करवत नाही.

दुसरी, बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ ही नोंद आहे का. ही नोंद डिस्कवर नव्हे, फर्मवेअरच्या चिपमध्ये असते, त्यामुळे अपडेटमध्ये ती पुसली जाऊ शकते आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश येतो. अनेक लॅपटॉपांत ती हातानं घालता येते: नवा बूट पर्याय, मग ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘बूट’, आणि तिथली ‘बूटएमजीएफडब्ल्यू’ नावाची फाइल.

तिसरी, ‘०एक्ससी०००’ने सुरू होणारा लांबलचक एरर. शेवटी ‘एफ’, ‘२२५’ किंवा ‘३४’ असणारे या कुळातले आकडे फर्मवेअरचे नाहीत. विंडोज कुठून सुरू करायचं हे सांगणारी डिस्कवरची छोटी फाइल हरवली किंवा बिघडली, एवढाच त्यांचा अर्थ. चालू होणं लागोपाठ दोनदा फसलं की विंडोज सहसा दुरुस्तीच्या पडद्यावर आपणहून जातं. तिथं आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, नाही जमलं तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून शेवटचं अपडेट काढा. तरीही नाही, तर दुसऱ्या संगणकावर विंडोजची यूएसबी बनवून तिथल्या कमांड प्रॉम्प्टमधून ‘बीसीडीबूट’ चालवून ती फाइल नव्याने लिहिता येते. फॉरमॅटची पाळी येत नाही.

## पडदा ४८ आकडे मागतोय

हा बिघाड नाही, ही राखण आहे. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते, आणि फर्मवेअर ओळखीचं असेल तरच ती किल्ली बाहेर येते. फर्मवेअर बदललं की चिपला वाटतं कुणीतरी घुसलंय. ती किल्ली देत नाही, आणि पडदा तुमच्याकडे ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ‘मी तर बिटलॉकर कधी लावलंच नाही’ असं बरेच जण म्हणतात. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की अनेक लॅपटॉपांत ते आपोआप लागतं. किल्लीही त्याच खात्यात जमा असते: मोबाइलवरून खातं उघडा, लॅपटॉपचं नाव निवडा, बिटलॉकरच्या किल्ल्या पाहा. लॅपटॉप ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल तर किल्ली तिथल्या सिस्टिम ॲडमिनकडे.

एएमडीच्या लॅपटॉपांत अपडेटनंतर याच कुळातला एक प्रश्न येतो: एफटीपीएम (म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं टीपीएम) रीसेट करायचं का, वाय की एन? किल्ली हाताशी नसेल तर एन. वाय दाबलं आणि किल्ली मिळाली नाही, तर डिस्कवरचा डेटा कुठल्याही दुकानात, कितीही पैसे मोजून परत येत नाही.

## लोगोसुद्धा नाही

पडदा काळा, पण चार्जरचा दिवा लागतो, पंखा हलतो, कॅप्स लॉक किंवा पॉवरचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकतो. ती लय मोजा, तोच यंत्राचा आवाज आहे. जुन्या एचपीमध्ये कॅप्स लॉक दोनदा लुकलुकून थांबतो म्हणजे फर्मवेअर बिघडलंय. तीनदा म्हणजे रॅम. नव्या एचपीमध्ये दोन लांब आणि दोन आखूड म्हणजे फर्मवेअर खराब आणि सावरायला प्रतही सापडत नाही. डेलमध्ये तीनदा पिवळा आणि तीनदा पांढरा म्हणजे सावरण्याची प्रत सापडली नाही. तीनदा पिवळा, चारदा पांढरा म्हणजे सापडली, पण चुकीची आहे. दोन पिवळे, तीन पांढरे असतील तर गोष्ट फर्मवेअरची नाहीच, रॅम दिसत नाहीये: काढून, पट्ट्या पुसून पुन्हा बसवा.

मग यूएसबी तयार करा. ८ किंवा १६ गिगाबाइटची, फॅट३२ फॉरमॅटची. लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरचा नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल घ्या. झाकणावरचं नाव पुरत नाही, एकाच नावाच्या लॅपटॉपांत तीन-तीन वेगळे बोर्ड असतात.

डेलमध्ये लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. कंट्रोल आणि एस्केप एकत्र दाबून धरा, तसेच धरून चार्जर लावा, आणि रिकव्हरीचा पडदा दिसेपर्यंत बोटं उचलू नका. फाइलचं नाव ‘बायोस, अंडरस्कोर, आयएमजी, डॉट, आरसीव्ही’ असं बदललेलं लागतं, आणि ती कुठल्या फोल्डरात नव्हे, यूएसबीच्या तोंडाशी असावी. एचपीत चार्जर लावून, विंडोजची कळ आणि बी दाबून धरायच्या, पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबून सोडायचं, दोन्ही कळा मात्र तशाच ठेवायच्या. एचपीची यूएसबी नुसती फाइल टाकून होत नाही. डाउनलोड केलेला प्रोग्राम दुसऱ्या विंडोज संगणकावर चालवून त्यातला ‘रिकव्हरी यूएसबी’ पर्याय घ्यावा लागतो. बऱ्याच थिंकपॅडच्या तळाला टाचणीएवढं भोक असतं: चार्जर काढून त्यात सरळ केलेली क्लिप हलकेच दाबा, मिनिटभर थांबा, चार्जर लावा. इतरांसाठी त्या-त्या मॉडेलची पुस्तिका पाहिलेली बरी, कारण कळा मॉडेलागणिक बदलतात.

पहिल्या खेपेला नाही झालं तर यूएसबीचं दुसरं पोर्ट वापरा. फाइल बरोबर असूनही निव्वळ पोर्टमुळे अडलेलं असू शकतं.

## चिप पुन्हा लिहिणं, आणि तिथं चालणारी गफलत

वरचं सगळं थकलं तर चिप बाहेरून लिहावी लागते. हे काम घरी करू नका. पण दुकानात काय विचारायचं ते माहीत असावं. कारागीर चिपला चिमटा लावतो किंवा ती बोर्डवरून उतरवतो, आणि प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्रानं वाचतो-लिहितो. साधा प्रोग्रामर काही शे रुपयांत मिळतो. म्हणूनच या कामात कसब यंत्राचं नाही, माणसाचं.

त्याला तीन गोष्टी विचारा. चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ची? १.८च्या चिपला अ‍ॅडॅप्टरशिवाय साधा प्रोग्रामर लावला तर ती जळू शकते. लिहिण्याआधी जुना मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळवून पाहणार का? जुळल्या नाहीत म्हणजे चिमटा नीट बसलेला नाही, आणि तशा अवस्थेत लिहिणं म्हणजे डोळे बांधून सुई ओवणं. आणि ती जुनी प्रत मला देणार का?

तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वजन आहे. त्या चिपमध्ये फक्त फर्मवेअर नसतं. लॅपटॉपचा सीरियल नंबर, सोबत आलेल्या विंडोजची किल्ली, काही बोर्डांत नेटवर्कचा पत्ता, इंटेलच्या यंत्रांत मॅनेजमेंट इंजिन नावाच्या आतल्या छोट्या नियंत्रकाचा वेगळा भाग, हे सगळं त्याच १६ मेगाबाइटांत नांदतं. चांगला कारागीर जुन्या प्रतीतला फक्त बिघडलेला भाग कंपनीच्या फाइलमधून बदलतो. घाईतला कारागीर इंटरनेटवर मिळालेली दुसऱ्याच लॅपटॉपची प्रत जशीच्या तशी ओततो. लॅपटॉप चालू होतो, बिल फाटतं, आणि महिन्यानं कळतं की विंडोज सक्रिय नाही, किंवा यंत्र दर अर्ध्या तासानं बंद पडतंय. यातलं दुसरं लक्षण मॅनेजमेंट इंजिनचा भाग न जुळल्याचं हमखास निशाण मानतात.

वॉरंटी चालू असेल तर मात्र मागचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका. कंपनीनंच पाठवलेलं अपडेट फसलंय, तेव्हा सर्व्हिस सेंटरला तसं लेखी कळवा.

## ‘पण लॅपटॉपला बॅटरी असते ना?’

असते. म्हणून तर चांगल्या बॅटरीच्या लॅपटॉपला लाइट गेल्याचा पत्ताही लागत नाही. अडचण जुन्या बॅटरीची. ती पडद्यावर ६० टक्के दाखवते आणि पंखा-प्रोसेसरचा भार पडताच दोन मिनिटांत बसते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत, दिवसरात्र चार्जरला लावून ठेवलेल्या बॅटरीची हीच गत होते. तुमची कशी आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’चा बॅटरी रिपोर्ट काढून पाहता येतं: मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी-शेजारी छापून येतात. आजची क्षमता मूळच्या निम्म्याखाली असेल तर फर्मवेअरचं अपडेट इन्व्हर्टरच्या प्लगवरच करा.

डेस्कटॉप संगणकाला ही मुभा नाही. घरचा इन्व्हर्टर ‘नॉर्मल’वर असेल तर लाइट जाऊन इन्व्हर्टर लागण्याच्या क्षणी संगणक रिस्टार्ट होऊ शकतो, इन्व्हर्टरचं बटण ‘यूपीएस’वर करून ठेवा.

## ‘मग अपडेटच बंद केलेली काय वाईट?’

फर्मवेअरमधल्या भोकातून शिरलेलं संकट विंडोज नव्याने टाकूनही जात नाही, कारण ते विंडोजच्या आधी उठतं. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसनं बायोसच्या चिपाच पुसून टाकल्या होत्या. तेव्हा चिपला सहीची राखण नव्हती. आज आहे, आणि ती राखण ताजी ठेवायचं काम याच अपडेटांचं आहे.

तेव्हा बंद करू नका, वेळ निवडा. आभाळ भरून आलेल्या दुपारी नको, सकाळी करा. चार्जर लावलेला, बॅटरी अर्ध्याहून वर, मोबाइल-पेनड्राइव्ह काढलेले. बिटलॉकर आधी ‘सस्पेंड’ करा. बंद करायची गरज नाही. सेटिंगच्या पडद्यावर डिस्कची पद्धत काय आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि ती ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून कपाटात. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह केलेली किल्ली गरजेच्या दिवशी उघडणार नाही.